दहा हात पाणी

लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तिका वर्षभर शाळेच्या कपाटात पडून असतात. फाल्गुन लागला की मी त्या बाहेर काढतो. कडा कसरीने कुरतडलेल्या, कोपरे पोरांच्या तेलकट बोटांनी काळे झालेले, आणि प्रत्येक पुस्तिकेत कुठे ना कुठे कुणीतरी शाईने काढलेला बैल. लढाई सुरू झाल्यापासून नव्या पुस्तिका आलेल्या नाहीत, त्यामुळे चार पोरांत एक अशी वाटणी करावी लागते. बाहेर कडुनिंबाची पानगळ चाललेली असते. मॅट्रिकच्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेकडे, दुपारी तिथे बसवत नाही. मी फळ्यावर एक आडवी रेघ काढतो, एक उभी काढतो, आणि तिसरी, वाकडी रेघ काढायच्या आधी माझा हात दरवर्षी थांबतो. पोरांना वाटतं, मास्तर विसरले. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे एकमेकांना कोपर मारतात. मग मी ती रेघ एका दमात ओढतो आणि धडा सुरू करतो.

ती रेघ दिसायला साधी आहे. खालून निघते ती जोरात वर चढते. मग तिचा जोर ओसरतो, ती वाकायला लागते, आणि वर जी एक आडवी मर्यादा आखलेली असते तिच्या जवळ जवळ जात राहते. टेकत मात्र नाही. पोरं विचारतात, मग कधी टेकणार? मी सांगतो, कधीच नाही. त्यांना ते पटत नाही. मलाही त्या वयात पटलं नव्हतं.

सतराव्या वर्षी मी याच गावात शिकत होतो. नंदुरबारला कापसाच्या वखारीमागे एक खोली होती, तिच्यात आम्ही तिघे पोरं राहत होतो. परीक्षेच्या दिवसांत कापसाचा हंगाम संपत आलेला असे, पण हवेत तूस उडतच असायचं. पाण्याच्या तांब्यात, वहीच्या पानांत, निंबाच्या फांद्यांना, सगळीकडे ते पांढरं तूस. अजूनही मार्च महिन्यात नाकाशी तूस आलं की मी तोंडातलं वाक्य अर्धंच सोडतो. लोकांना वाटतं, मास्तरांना परीक्षांचं दडपण आहे. मी तसंच वाटू देतो.

आमचं गाव रनाळ्याच्या अलीकडे. आजोबांनी तिथे विहीर खणली, तेव्हा म्हणे तीन पुरुष खोलीवर पाणी लागलं होतं. आजोबा गेल्यावर दोन भावांनी जमीन अर्धी अर्धी वाटून घेतली. बांध घालून जमीन वाटता येते. विहीर कशी वाटणार? ती सामाईक राहिली. थोरल्या भावाला आम्ही मोठा बाबा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला मोठी माय. धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील, आबा. मोठ्या बाबाला मूलबाळ नव्हतं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आषाढात त्याने हौसेने केळी लावली, आमच्या घराण्यातली पहिली, आणि दिवाळीच्या आधी तापाने तो गेला.

मोठी माय तेव्हा चाळिशीची असेल. उंच, हाडकुळी, चालताना डोक्यावरचा पदर दाताखाली धरायची सवय. माहेरून भाऊ न्यायला आला तेव्हा ती गेली नाही. म्हणाली, केळी लावून गेलाय माणूस, घड उतरल्याशिवाय मी इथून हलत नाही. तिने मोट हाकायला एक गडी ठेवला आणि शेतात उभी राहिली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या केळीवर सगळं आहे. केळी उभी राहिली तर ही बाई स्वतःच्या जमिनीवर राहणार. केळी गेली तर भाऊ गाडी घेऊन येणार आणि जमीन आबांच्या ताब्यात कसायला येणार. आबांनी हे कधी तोंडाने म्हटलं नाही. मीही तेव्हा असा विचार केला नव्हता. हा विचार मी नंतर केला, आणि अजून करतो.

संक्रांतीपर्यंत विहिरीची पाळी एक दिवसाआड होती. एक दिवस आमची मोट, एक दिवस तिची. थंडीत ते निभत होतं. पण पुढे ऊन तापलं की एका दिवसाच्या खाड्यानेही आमचा ऊस मान टाकणार होता आणि तिची केळीही. दोघांनाही रोज पाणी लागणार होतं. तेव्हा आबांनी तोड काढली की रोजच्या दिवसाचेच दोन भाग करू. सकाळी आम्ही विहीर उपसायची, मग ती भरू द्यायची, दुपारनंतर वहिनींनी उपसायची. प्रश्न एवढाच होता, मध्ये विहिरीला किती वेळ द्यायचा. म्हणजे ती पुन्हा पहिल्यासारखी भरेल आणि कुणाला कमी-जास्त होणार नाही.

आणि याचं उत्तर काढायला घरात इंग्रजी शिकलेला मुलगा होता.

संक्रांतीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. आबांनी मला विहिरीवर नेलं. मी केवढा रुबाबात होतो. एका दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. पाटलांकडून खिशातलं घड्याळ मागून आणलं. सकाळी विहिरीत दहा हात पाणी होतं, ते मी वहीत लिहिलं. आमची मोट चालली, धावेच्या उतारावरून बैल गेले-आले, चाक कुईकुई करत राहिलं, ओल्या चामड्याचा तो वास सुटला, आणि मोटेत नुसता गाळ यायला लागला तेव्हा मी हात वर करून बैल थांबवले. घड्याळ लावून काठावर बसलो. एका तासाने दोरी सोडली. दोन हात पाणी चढलं होतं.

त्रैराशिक मांडायला कितीसा वेळ लागतो? एका तासात दोन हात, तर दहा हातांना तास किती? पाच. मी काठावरून उठलो. खरं तर मी तिथे पाचही तास बसायला हवं होतं. दर तासाला दोरी सोडून बघायला काय हरकत होती? पण संक्रांत होती. आमच्याकडे गुजरातच्या हवेने पतंगांचं वेड, आणि गावातली सगळी पोरं माळावर होती. गणित सुटल्यावर विहिरीकडे कशाला बघायचं? मी माळावर गेलो आणि संध्याकाळपर्यंत तीन पतंग कापले.

दुसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं आमच्या ओट्यावर बसली. मी वही उघडून हिशेब समजावून सांगितला आणि तसाच पाळीचा कागद लिहून काढला. सूर्योदयाला आमची मोट, ती थांबल्यावर पाच तास विसावा, मग मोठ्या मायची मोट, दिवस मावळेपर्यंत. एकाने शंका काढली की रात्रीचा सगळा विसावा तर सकाळच्या पाळीला मिळतो. मी त्याच्याकडे बघून हसलो. पाच तासांत विहीर भरली, तर पुढच्या सात तासांत भरायचं काय राहिलं? भरलेल्या भांड्यात आणखी कुणी ओतत नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. असलं सफाईदार बोलणं त्यांनी घरच्या पोराच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मोठी माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला ती भाऊ म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, हीर खाली ऱ्हास तव्हय पानी धावत येस. भराले लागनी का मंग हळूहळू चढस."

विहीर रिकामी असते तेव्हा पाणी धावत येतं, भरायला लागली की सावकाश चढतं. बावीस वर्षं ती त्या विहिरीवर पाणी भरत होती. मी तिला म्हणालो की झरे तेच, त्यांचं तोंड तेवढंच, मग पाणी हळू का चढेल? आबा म्हणाले, "वहिनी, हाऊ हिसाब शे." हा हिशेब आहे, म्हणजे बोलणं संपलं. तिने माझ्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे होऊन कागदावर अंगठा दिला. मी नंदुरबारला निघताना तिने माझ्यासाठी दशम्या बांधून दिल्या. त्या मी वाटेत खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

माझा स्वभाव मला माहीत आहे. मला उत्तर आलं की आवडतं, ते बरोबर आहे का हे बघायला आवडत नाही. आता पोरांच्या वह्या तपासताना असा एखादा मुलगा लगेच ओळखू येतो. पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीवर उडी मारणारा, अक्षर सुंदर, खाली दोन रेघा ओढलेल्या. त्याच्यावर मी जरा जास्तच खेकसतो. परवा असाच एकजण रडकुंडीला आला. मला वाईट वाटलं, पण त्याला सांगणार काय?

आमचे गणिताचे लिमये मास्तर कोकणातले. इकडची धूळ आणि तूस त्यांना सोसत नसे, सारखे खोकायचे. होळीच्या तोंडावर अभ्यासक्रम संपला तेव्हा त्यांनी आम्हाला लॉगची कोष्टकं कशी बघायची ते पुन्हा एकदा घोटून दिलं, आणि मग खडू हातात घोळवत म्हणाले की आता जे सांगतो ते परीक्षेला नाही, ज्याला जायचं असेल त्याने जावं. निम्मा वर्ग गेला. मी बसलो, कारण जे परीक्षेला नाही ते आपल्याला येतं अशी ऐट मिरवायला मला आवडायचं.

मास्तरांनी दुधाचं उदाहरण घेतलं. चुलीवरून उतरवलेलं दूध पहिल्यांदा भराभर निवतं, कोमट झाल्यावर निवायला वेळ लावतं. का? कारण निवण्याचा वेग किती निवलं यावर नसतो, अजून किती निवायचं राहिलं यावर असतो. जेवढं उरलेलं जास्त तेवढी घाई जास्त. "भरलेलं मोजू नका रे," ते म्हणाले, "उरलेलं मोजा." दर तासाला उरलेल्याचा एक ठरावीक हिस्सा जातो, समजा पाचवा. मग पुढच्या तासाला जे उरलं त्याचा पाचवा. मग त्याच्याही उरलेल्याचा. आणि तास ही आपली सोय आहे, दूध काही तासाचे ठोके ऐकत बसत नाही. तासाची मिनिटं करा, मिनिटाचे क्षण करा, क्षणोक्षणी उरलेल्यातलं थोडं थोडं जात असतं, आणि असं बारीक करत गेलं की एक आकडा हाती लागतो. दोन पूर्णांक सातशे अठरा आणि पुढे न संपणारं शेपूट. त्या आकड्याच्या पायावर जो लॉग बसवतात त्याला नैसर्गिक म्हणतात. किती उरेल ते घातांक सांगतो. इतकंच उरायला किती वेळ लागेल ते लॉग सांगतो. मग त्यांनी ती वाकडी रेघ काढली.

मी त्या रेघेकडे बघत होतो आणि मला दाराच्या चौकटीला टेकलेली मोठी माय दिसत होती. धावत येस. मंग हळूहळू चढस. तिने जे एका वाक्यात सांगितलं होतं ते मास्तरांनी अर्धा तास खोकत खोकत फळ्यावर लिहिलं होतं. झऱ्याचं तोंड तेवढंच असतं, पण विहिरीतलं पाणी वर चढलं की तेच त्याला मागे दाबतं. एवढी साधी गोष्ट.

खोलीवर येऊन मी हिशेब मांडला. दहा हातांचा खड्डा. पहिल्या तासाला त्याचा पाचवा हिस्सा भरला, दोन हात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. उरले आठ. दुसऱ्या तासाला आठाचा पाचवा हिस्सा. उरले सहा पूर्णांक चार. तिसऱ्याला पाचाच्या थोडे वर. चौथ्याला चार. पाचव्याला सव्वातीन हात खड्डा अजून रिकामाच. म्हणजे मोठ्या मायच्या वाट्याला पावणेसात हातसुद्धा पाणी येत नव्हतं. आणि रात्रीच्या बारा तासांत आमच्यासाठी नऊ हातांच्या वर चढत होतं. मग मी कोष्टक उघडलं. विहीर भरायला अर्धाच हात कमी राहील अशी व्हायला किती वेळ हवा? अर्धा हात म्हणजे दहाचा विसावा हिस्सा, आणि दर तासाला पाचाचे चार उरतात; म्हणून वीसचा लॉग, भागिले सव्वाचा लॉग. तेरा तासांच्या वर. मी त्या चार म्हाताऱ्यांना पाच सांगितले होते.

उत्तर सोपं होतं. आठ दिवस आम्ही सकाळी, आठ दिवस तिने सकाळी, असा पाळीचा फेरा केला असता तर झालं असतं. चार ओळींचा कागद लागला असता. माझं गाव बैलगाडीने एका दुपारच्या अंतरावर होतं आणि होळी चार दिवसांवर आली होती.

मी होळीला घरी गेलो नाही. खोलीतला एकजण अक्कलकुव्याचा होता, तो काठी गावची होळी बघायला डोंगरात निघाला होता, मलाही चल म्हणाला. मी त्यालाही नाही म्हणालो. सगळ्यांना एकच कारण सांगितलं, अभ्यास. खरं काय ते सांगतो. मला भीती वाटत होती. चार म्हाताऱ्यांसमोर उभं राहून माझं त्रैराशिक चुकलं असं म्हणायची भीती. आबांच्या चेहऱ्याची भीती. आणि त्याहून मोठी अशी की एकदा घरी गेलो, त्या भानगडीत अडकलो, तर परीक्षेतून मन उडेल. मी मनाशी म्हटलं, तीन-चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे. पावणेसात हात म्हणजे काही कोरडं नव्हे. परीक्षा झाली की लगेच जाऊ.

होळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी मोठी माय खोलीवर आली. कुणाच्या तरी गाडीतून आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही, पायरीवर बसली, कारण खोलीत दुसरी पोरं होती. तिने फडक्यातून पुरणाच्या पोळ्या काढल्या. मी होळीला आलो नाही म्हणून तिने राखून ठेवल्या होत्या. तिचे हात भेगाळले होते. मी विचारलं, केळी कशी आहे. ती म्हणाली, निसवायला लागलीय, फुलं बाहेर पडताहेत, पण पाणी टोकाच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. पहिले दोन पाट भिजतात आणि मोट गाळावर येते. आबांना विचारलं तर ते म्हणतात, उन्हाने झरे आटलेत, सगळ्यांचंच कमी झालंय. मग तिने पदर सावरला आणि मला म्हणाली, "भाऊ, तो हिसाब एक डाव पाही लेशी का?"

तो हिशेब पाहिलेला होता. तो माझ्या उशाखालच्या वहीत होता, लॉगसकट. मी म्हणालो, "परीक्षा झाल्यावर बघतो, मोठी माय."

ती बरं म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी सुटेल म्हणून घाईने गेली. पोळ्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. मला घास गिळता येत नव्हता असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. गिळता येत होता.

आजही मी त्या दुपारी स्वतःला त्या पायरीवर बसवून बघतो. पाच मिनिटांचं काम होतं. अगदी खाली बसून बोटाने धुळीत एक वाकडी रेघ काढली असती तर तिला ती माझ्याआधी समजली असती. मग ती कागद घेऊन त्या चार म्हाताऱ्यांकडे गेली असती, आणि माझं नाव सांगितलं असतं, आणि तिचं म्हणणं त्यांना मानावं लागलं असतं. पंधरा दिवसांत केळी सावरली असती का? मी हे गणित कितीतरी वेळा मांडून पाहिलं. उन्हाळा, झरे, निसवण, मुळाशी राहिलेली ओल. कुठल्या कोष्टकात हे बघायचं ते मला सापडलेलं नाही.

परीक्षेला आम्ही धुळ्याला गेलो. गणिताचा पेपर सोपा गेला. हॉलमधून बाहेर पडलो तेव्हा पळस फुलून गेला होता, जमिनीवर नुसता लाल चिखल झाला होता पाकळ्यांचा. पोरं पेपर हवेत उडवत होती. मी घरी जाणारी गाडी धरली.

पाडव्याला आठ दिवस झाले होते. विहिरीवरून शेताकडे वळलो तर केळीच्या जागी फारसं काही उभं नव्हतं. बाहेर पडलेल्या घडांतली केळी बोटांएवढीच राहून काळी पडली होती आणि पाण्यावाचून मऊ पडलेली झाडं कमरेत मोडून आडवी झाली होती. वाळलेली पानं वाऱ्यावर खडखडत होती. पहिल्या दोन पाटांवरची काही झाडं तेवढी हिरवी होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन मोठ्या मायला घेऊन गेला, असं आईने सांगितलं. तिने घराला कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली.

मी आबांना ओट्यावर गाठलं. वही उघडून सगळा हिशेब सांगितला, पहिल्या तासापासून. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "माले रोज दिखे. पन कागद तुन्हा व्हता."

मला रोज दिसत होतं, पण कागद तुझा होता. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही, मरेपर्यंत. मीही काढला नाही. पाळीची गरजच राहिली नव्हती. ती जमीन आम्हीच कसायला लागलो, विहीर दिवसभर आमची झाली, आणि मला पुढे शिकायला पाठवताना घरात कुणाला फार विचार करावा लागला नाही. मी मास्तर झालो तो असा.

निकाल लागल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, मी मोठ्या मायच्या माहेरी गेलो. ते तापीपलीकडे, तळोद्याच्या वाटेवर. नदीचं पात्र कोरडं होतं, मधली एक धार सोडली तर वाळूच वाळू, आणि बैल गुडघाभर रुतत होते. मी बरोबर ती वही घेतली होती. कशासाठी घेतली होती कुणास ठाऊक. कदाचित मला अजूनही वाटत होतं की कागद समोर ठेवला की काम होतं.

ती भावाच्या घराच्या पडवीत ज्वारी निवडत बसली होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, आई कशी आहे विचारलं. भावजयीच्या घरात असल्यामुळे असेल, ती हळू बोलत होती. मी वही उघडली आणि सांगायला लागलो. खड्डा, त्यातला उरलेला भाग, दर तासाला त्याचा पाचवा हिस्सा. तिला अडचण कसलीच आली नाही. ती मान हलवत होती, एखाद्याने तिचीच गोष्ट तिला परत सांगावी तशी. शेवटी मी म्हणालो की माझी चूक झाली. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं.

तिने विचारलं, "हाऊ हिसाब तुले त्या दिनले येत व्हता का?"

मी म्हणालो, नाही, संक्रांतीला येत नव्हता.

"मंग तुन्ही काय चूक."

माझ्या छातीवरचं ओझं खरोखर उतरलं. मी वही मिटली. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, दोन-चार खडे काढून टाकले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आनि समजनं कव्हय?"

मी खोटं बोलू शकलो असतो. परीक्षेनंतर म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. पण मी तिच्याकडे बघत होतो आणि मला ते जमलं नाही. होळीच्या चार दिवस आधी, असं म्हणालो.

तिची बोटं सुपात थांबली. होळी, मग बाजाराचा दिवस, मग पायरी, मग पाडवा. तिने ते बोटांवर मोजलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून ते सगळं एकेक करून जाताना मला दिसलं. आतून भावजयीने चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तिचा तो आवाजच आजवर सहन झालेला नाही.

"परीक्षा व्हती ना तुन्ही," ती म्हणाली.

तिने सूप पाखडायला घेतलं. दाणे एकीकडे, फोलपटं एकीकडे, आणि बारीक धूळ पडवीतल्या उन्हात उडत राहिली. मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "कितला मार्क पडनात?"

मी सांगितले. गणितात वर्गात सगळ्यांत जास्त पडले होते.